सहावी ते आठवीचा नवा अभ्यासक्रम: शिक्षक आणि प्राचार्यांची तयारी शाळेतच कशी करावी

प्रशिक्षणाला एकच दिवस मिळणार असेल तर तो प्रश्नपत्रिकेवर खर्च करा. धोरण, आराखडा, अध्ययन निष्पत्ती यांवरची भाषणं नंतरही ऐकता येतात. वर्गात काय शिकवलं जातं ते शेवटी मार्चमध्ये काय विचारलं जाणार यावर ठरतं, आणि हे स्टाफरूममधल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. पेपर जुनाच राहिला तर जूनमध्ये कितीही छान शिबिर झालं तरी राखीपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही.

हा लेख इंदूरमधल्या एका विशिष्ट प्रकारच्या शाळेसाठी आहे. ट्रस्टची, मध्यम आकाराची, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. मुलं घरी माळवी, निमाडी, हिंदी, मराठी बोलतात आणि स्टाफरूममध्ये डबे उघडले की निम्मं बोलणं मराठीत चालतं. बायपासवरच्या मोठ्या शाळा दिल्लीहून तज्ज्ञ बोलावतात. सरकारी शाळांना राज्य शिक्षा केंद्र, डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आणि जनशिक्षा केंद्र अशी प्रशिक्षणाची साखळी आहे. मधल्या शाळांना आपलं आपणच बघावं लागतं. तसं बघता येतं, आणि फार पैसे न घालता.

बदललंय काय, ते एका पानावर लिहा

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी, सातवी, आठवी हा ११ ते १४ वयाचा वेगळा टप्पा मानला. ऑगस्ट २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्याप्रमाणे एनसीईआरटीची सहावीची नवी पुस्तकं २०२४ मध्ये आणि सातवी-आठवीची २०२५ मध्ये आली. समाजशास्त्राची जुनी तीन पुस्तकं (इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र) जाऊन पाच सूत्रांत बांधलेलं एकच पुस्तक आलं. विज्ञानाचं ‘जिज्ञासा’, गणिताचं ‘गणित प्रकाश’, आणि पूर्वी नव्हतं असं ‘कौशल बोध’. शिवाय वर्षातले दहा दिवस दप्तराविना.

एवढं एका पानावर पुरतं. त्याखाली आपल्या शाळेत कोणत्या वर्गाला कोणतं पुस्तक प्रत्यक्ष चालू आहे ते लिहा, कारण सीबीएसई आणि राज्य मंडळ यांच्या शाळांत ते सारखं असेलच असं नाही. या पानाची एकेक प्रत प्रत्येकाला द्या आणि हा विषय तिथेच संपवा. आराखडा अख्खा वाचायचा उत्साह ज्यांना आहे ते वाचतीलच.

आधी प्राचार्य, मग शिक्षक

धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच पुढच्या परिच्छेदात प्राचार्यांसाठीही ५० तास सांगितले आहेत, आणि त्यांत व्यवस्थापनाबरोबर विषय व अध्यापनही आहे. ते वाक्य बहुधा कोणी मोठ्याने वाचत नाही. शिबिराचं उद्घाटन करून ‘मला जरा ऑफिसचं काम आहे’ म्हणत उठणारे प्राचार्य शिक्षकांना त्या एका वाक्यात सगळं सांगून जातात.

म्हणून शाळा उघडण्याआधी, मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा या काळात, प्राचार्यांनी पुढची कामं एकट्याने उरकावीत.

स्वतःचा विषय सोडून दुसऱ्या विषयाचे दोन धडे घ्यावेत आणि त्यांतली प्रत्येक कृती, प्रत्येक प्रश्न हाताने करावा. हिंदीच्या प्राचार्यांनी गणिताचा, विज्ञानवाल्यांनी समाजशास्त्राचा. कुठे अडायला होतं ते पेन्सिलीने मांडत जावं. शिक्षक नेमके तिथेच अडणार आहेत.

दुसरं काम वेळापत्रकाचं. सहावी ते आठवीच्या सगळ्या शिक्षकांना आठवड्यातून एक कालखंड एकाच वेळी मोकळा मिळाला पाहिजे. हे अशक्य आहे असं वेळापत्रक बनवणारे सर पहिल्यांदा सांगतील. त्या वेळी या तीन वर्गांना मैदान, वाचनालय आणि चित्रकला लावा. ते शिक्षक निराळे असतात. शनिवारी शेवटचा कालखंड ठेवू नका, त्या वेळी सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. मंगळवार-बुधवारचा मधला कालखंड उत्तम.

हिशोब असा बसतो. वर्षात कामाचे ३० आठवडे धरले आणि कालखंड ४० मिनिटांचा, तर २० तास झाले. जूनमधले तीन दिवस रोज पाच तास, म्हणजे १५. उरलेले १५ तास मंडळाचे, डाएटचे किंवा दीक्षा या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम. ५० तास भरले आणि त्यांतले ३५ आपल्या हातात राहिले.

तिसरं, ट्रस्टच्या मंडळींशी एकदा बसून बोलावं. पेपर बदलणार आहे, पहिल्या सहामाहीत गुण थोडे घसरतील, पालक तक्रार घेऊन येतील, तेव्हा पदाधिकाऱ्यांनी परस्पर आश्वासनं देऊ नयेत. हे आधी बोललेलं असलं की ऑक्टोबर सुखाचा जातो.

जूनचे तीन दिवस

तारखा ठरवताना सरकारी सुट्ट्यांबरोबर लग्नाचे मुहूर्तही बघा. जूनमध्ये निम्मा स्टाफ कुणाच्या तरी वरातीत असतो. हॉलमध्ये ओळीने खुर्च्या लावू नका. चार-चार जणांची टेबलं, एका टेबलावर वेगवेगळ्या विषयांचे लोक. दीपप्रज्वलन, सरस्वतीवंदना, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ यात दीड तास जातो आणि त्या दीड तासात सगळे श्रोते होऊन बसतात, मग दिवसभर श्रोतेच राहतात. पोहे-जिलबी मात्र ठेवा, तीही नऊच्या आत.

पहिला दिवस: शिक्षक विद्यार्थी होतात. सुरुवात ‘गणित प्रकाश’मधल्या कापरेकरांपासून करून बघा. द. रा. कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करा, आणि जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि पुढे कितीही करा, ६१७४ च येत राहतो. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कुठलाही आकडा तिथे पोहोचतो. संस्कृतच्या बाईंनाही हे करता येतं, आणि वजाबाकीत चूक झाली की सगळ्यांत आधी त्याच ओरडतात. खोलीत खेळ सुरू झाला की थांबवा आणि विचारा: हा धडा वर्गात घेतलात तर मुलांच्या वहीत काय दिसेल? हे परीक्षेत कसं विचाराल? दुसऱ्या प्रश्नावर जी शांतता पसरते तिथे दुसऱ्या दिवसाचं काम तयार होतं.

दुपारी सहावीच्या विज्ञानातली चुंबकं किंवा तापमान. साहित्य प्रत्येक टेबलावर हवं. दहा प्रयोगशाळेचे तापमापक, थोडी चुंबकं, लोहकीस, दोरा, पेले, गरम पाणी. हे सगळं मिळून पाहुण्यांच्या सत्कारापेक्षा स्वस्त पडतं.

दुसरा दिवस: पेपर. यावर खाली वेगळं लिहिलं आहे.

तिसरा दिवस: प्रत्येक विषयगटाने पहिल्या घटकाचं नियोजन करायचं. वर्षभराचं नको. वर्षभराची नियोजनं इतरांची उतरवून घेतली जातात आणि कपाटात जातात. पहिले तीन आठवडे नीट, पाठवार, कोणत्या दिवशी कोणतं साहित्य लागेल ते लिहून. बस्स.

प्रश्नपत्रिकेचा दिवस

मागच्या वर्षीचा सातवीचा सहामाही पेपर आणा, प्रत्येक विषयाचा. सोबत पुस्तक. टेबलावरच्या चौघांनी प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची: उत्तर पुस्तकातून जसंच्या तसं उचलता येतं का? येत असेल तर ‘र’, म्हणजे रट्टा. समजून स्वतःच्या शब्दांत लिहावं लागत असेल तर ‘स’. शिकलेलं नव्या ठिकाणी वापरावं लागत असेल तर ‘वा’. मग गुणांची बेरीज. कोणाचा पेपर आहे हे त्या दिवशी कोणी बोलायचं नाही, एवढा नियम प्राचार्यांनी सुरुवातीलाच सांगावा आणि स्वतः काढलेला पेपर सगळ्यांत आधी टेबलावर ठेवावा.

बेरीज झाली की भाषणाची गरज उरत नाही. आता प्रत्येक गटाने ‘र’चे पाच प्रश्न घ्यायचे आणि बदलायचे. नमुने असे.

विज्ञानात ‘तापमापक वापरताना कोणती काळजी घ्याल?’ हा ठरलेला प्रश्न. त्याऐवजी: मोहनने गरम पाण्यातला तापमापक बाहेर काढला, खिडकीपाशी नेला आणि वाचला. आकडा आला ६२ अंश. पाणी खरं तर ६२ पेक्षा जास्त गरम होतं की कमी? कशावरून? ज्याने स्वतः तापमापक पाण्यात धरला आहे त्याला हे सोपं. ज्याने काळजीचे चार मुद्दे पाठ केले त्याला अवघड.

गणितात दोन अपूर्णांकांची बेरीज करायला सांगण्याऐवजी: एका मुलीने दोन तृतीयांश अधिक एक पंचमांश यांचं उत्तर तीन अष्टमांश काढलं. बेरीज न करता हे चूक आहे हे कसं सांगाल? बेरीज पहिल्या अपूर्णांकापेक्षाच लहान आली, हे मुलाला दिसलं की अपूर्णांक त्याला कळला.

समाजशास्त्रात माझा आवडता प्रश्न इंदूरचाच आहे. आपल्या नळाला नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने चढवलेलं नर्मदेचं पाणी येतं. वापरून झालेलं पाणी कान्ह नदीत जातं. नकाशा बघून सांगा: नर्मदा कोणत्या समुद्राला मिळते, आणि आपण सोडलेलं पाणी कोणत्या? कान्ह, क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा असं बोट फिरत जातं आणि बंगालच्या उपसागरावर थांबतं. अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपण पितो आणि उलट्या दिशेला सोडतो. नद्यांची नावं पाठ करूनही जे डोक्यात बसत नाही ते या एका प्रश्नाने बसतं.

प्रमाण किती ठेवायचं? माझं मत, पहिल्या सहामाहीत चौथा हिस्सा गुण नव्या प्रश्नांना, वार्षिक परीक्षेत चाळीस टक्के. त्याहून घाई केली तर शिक्षकच ‘महत्त्वाचे नवे प्रश्न’ म्हणून यादी पाठ करून घेतील आणि रट्टा मागच्या दाराने परत येईल. राज्य मंडळाच्या शाळांत आठवीची वार्षिक परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर बाहेरून येते, तिथे हात बांधलेले असतात. तुमचा प्रयोग सहावी-सातवीत आणि आठवीच्या सहामाहीत करा.

हे असं करता येतं याचा दाखला शोधायला परदेशात जायची गरज नाही. आपल्याच राज्यात, होशंगाबाद जिल्ह्यात, जे आज नर्मदापुरम आहे, १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला घेतलं. १९७८ मध्ये ते साऱ्या जिल्ह्यात गेलं, १९८२ पासून एकलव्य संस्थेने सांभाळलं. शिक्षकांचं उन्हाळी प्रशिक्षण होतं, दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी होती, आणि आठवीच्या परीक्षेत पुस्तक उघडं ठेवून पेपर सोडवायचा, सोबत प्रात्यक्षिक. प्रशिक्षण आणि परीक्षा दोन्ही एकदम बदलल्या, म्हणून साध्या सरकारी शाळांतही ते तीस वर्षं चाललं. २००२ मध्ये सरकारने बंद केलं, ती वेगळी कहाणी.

आठवड्याच्या कालखंडात काय करायचं

त्यात सूचना वाचायच्या नाहीत. फीची वसुली, गॅदरिंगच्या तालमी, मतदार यादीची ड्यूटी, काहीही नाही. एकदा सूचना शिरल्या की तो कालखंड त्यांचाच झाला.

चार आठवड्यांचं एक आवर्तन ठेवा. पहिल्या आठवड्यात विषयगट एक पाठ मिळून तयार करतो. दुसऱ्या आठवड्यात एक जण तो प्रत्यक्ष वर्गात घेतो, बाकीचे मागे बसतात. त्यांच्या वर्गांवर त्या वेळी प्राचार्य आणि उपप्राचार्य जातात. मागे बसणाऱ्यांनी शिक्षकाकडे बघायचं नाही. प्रत्येकाने तीन मुलं निवडायची आणि चाळीस मिनिटं तीच बघायची: केव्हा लिहितात, केव्हा शेजाऱ्याचं उतरवतात, प्रश्न विचारायला हात अर्धा वर नेऊन खाली कधी घेतात. तिसऱ्या आठवड्यात वह्या. इथे आपण ज्याला ‘कॉपी तपासणे’ म्हणतो ते नव्हे. त्या पाठाच्या पाच वह्या टेबलावर, आणि हुशार मुलांच्या नकोत, मधल्या मुलांच्या. लाल पेन बाजूला. मुलाला काय कळलं याचा पुरावा वहीत कुठे आहे, एवढंच शोधायचं. बऱ्याचदा फळ्यावरचं सुवाच्य उतरवलेलं सापडतं आणि पुरावा काहीच सापडत नाही. ती वेळ अवघड असते, ओढूनताणून सांत्वन करू नका. चौथ्या आठवड्यात पाठ दुरुस्त होतो आणि दुसरा शिक्षक दुसऱ्या तुकडीवर घेतो.

वर्षात अशी सहा-सात आवर्तनं होतात. गणपती, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, दिवाळी, रंगपंचमीची गेर यांचे आठवडे आधीच वगळून मांडा, नाहीतर नोव्हेंबरात ‘यंदा राहूनच गेलं’ ऐकू येईल.

प्राचार्यांनी वर्गात जाताना तपासणीचा तक्ता घरी ठेवावा. नंतर एकच निरीक्षण आणि एकच प्रश्न: ‘बाई, तिसऱ्या ओळीतल्या तिघी शेवटपर्यंत एकमेकींचं बघून लिहीत होत्या. त्यांना प्रश्न कळला नव्हता, की साहित्यच पोहोचलं नव्हतं?’ यात दोष नाही आणि खोटी वाहवाही नाही. या भेटींचा पगारवाढीशी संबंध जोडला तर त्या दिवसापासून तुम्हाला फक्त बसवलेले पाठ दिसतील.

कौशल बोध आणि दप्तराविना दिवस

या दोन गोष्टींसाठी प्रशिक्षित शिक्षक कुठेच तयार नाही, हे मान्य करून चाला. पुस्तकात कामाचे तीन प्रकार आहेत: सजीवांसोबतचं, यंत्रं व साहित्य यांसोबतचं, आणि माणसांच्या सेवेचं. दर वर्षी प्रत्येकातला एक, म्हणजे तीन वर्षांत नऊ प्रकल्प. शिक्षकाने सुतारकाम शिकून येण्यापेक्षा शिक्षक आणि कारागीर अशी जोडी लावा. माळी, शिंपीण, सायकल दुरुस्त करणारा, आचारी. पालकांतच ही माणसं असतात. शाळेच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात बघा. शिक्षकाचं प्रशिक्षण वेगळ्या गोष्टीचं हवं: मोजमाप कुठे येतं, नोंद कशी ठेवायची, मुलींना झाडू आणि मुलांना हातोडी अशी वाटणी आपोआप होत नाही ना.

दप्तराविना दिवसांना सहलीचं रूप येतं आणि मग सरळ वॉटर पार्कच गाठला जातो. इंदूरला विषयांची वानवा नाही. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प आहे, २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा रोज ५५० टन क्षमतेचा. सिरपूर तलाव २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात पक्षी मोजायला जा. पण शिक्षकांनी आधी एकदा स्वतः जाऊन यावं आणि मुलांसाठी तीनच प्रश्न लिहून आणावेत. कचऱ्याच्या प्रकल्पासाठी माझा एक प्रश्न: आपल्या घरची ओली बादली आठवडाभर वजन करा, शाळेतल्या सगळ्या घरांची मिळून प्रकल्पाच्या एका दिवसाचा कितवा हिस्सा होईल? अपूर्णांक तिथे पुन्हा भेटतात.

बाहेरची शिबिरं आणि पालक

निष्ठा हा केंद्राचा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम, दीक्षा, सहोदय या सीबीएसई शाळांच्या गटाच्या कार्यशाळा, सगळं घ्या. प्रमाणपत्र फाईलला लावा. मात्र जाऊन आलेल्याने स्टाफसमोर ‘काय सांगितलं’ याचा अहवाल वाचायचा नाही. पुढच्या आठवड्याच्या कालखंडात त्यातला एक पाठ घेऊन दाखवायचा. मास्टर ट्रेनरकडून ट्रेनरकडे, तिथून शिक्षकाकडे असं उतरत येताना हातची कामं गळतात आणि स्लाइड तेवढ्या पोहोचतात.

पालकांची सभा सहामाहीच्या आधी घ्या, निकालानंतर नको. त्यांना धोरण सांगू नका. तापमापकाचा तो प्रश्न कागदावर द्या आणि पाच मिनिटं सोडवू द्या. ट्यूशनच्या सरांकडून गाईड घेऊन येणाऱ्या पालकांना गाईडात हे का नाही ते आपोआप कळतं. ट्यूशनवाल्यांनाही बोलवा, त्यांच्याशी भांडून कोणत्याच शाळेचं भलं झालेलं नाही.

डिसेंबर आणि मार्चमध्ये

दोनदाच तपासा आणि तीनच गोष्टी बघा. पेपरमधल्या ‘र’च्या गुणांची बेरीज खाली आली का. मधल्या मुलांच्या वह्यांत स्वतःच्या शब्दांतलं काही दिसतं का. आणि वर्गात मुलांनी आठवड्याभरात कोणते प्रश्न विचारले, ते शिक्षकांना आठवून लिहिता येतात का. तिसऱ्याला पहिल्या वर्षी कोरे कागद येतील.

ट्रस्टच्या शाळांत दर एप्रिलला काही शिक्षक सोडून जातात आणि सगळं शून्यावर येतं, ही खरी अडचण आहे. म्हणून प्रत्येक आवर्तनाचा दुरुस्त पाठ, त्याच्या पाच वह्यांचे फोटो आणि त्यावरचा एक परीक्षेचा प्रश्न, असं एकत्र विषयवार फाईलमध्ये ठेवत जा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, सुट्टी लागण्याआधी, नव्या शिक्षकाला जुन्याच्या वर्गात जोडीला बसवा. तेवढी सोय नसेल तर निदान ती फाईल आणि गेल्या वर्षीचे दोन्ही पेपर रुजू होण्याच्या दिवशीच त्याच्या हाती द्या, आणि जूनच्या तीन दिवसांत पहिला पाठ त्यालाच घ्यायला सांगा.